पुन्हा तोच शब्द?

कवितेत एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला की मराठी वाचकांत हमखास वाद उभा राहतो, आणि तो दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन थांबतो. एक पक्ष म्हणतो, कवीचा शब्दसंग्रह तोकडा आहे. भाषेत इतके प्रतिशब्द पडलेले असताना तोच शब्द घोळवत बसणे हा आळस. दुसरा पक्ष म्हणतो, कवितेला लय असते, ठेका असतो, तिला निबंधाचे नियम लावू नका. पहिल्याला दोष दाखवल्याचे समाधान मिळते, दुसऱ्याला कवीचा बचाव केल्याचे. पण तो शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा अर्थ पहिल्यासारखाच राहिला होता का, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच आहे. चांगल्या कवितेत परत आलेला शब्द तोच राहत नाही. एक तर तो अर्थाने भरत जातो, नाही तर अर्थाने रिकामा होत जातो, आणि या दोन्ही गोष्टी कवी जाणूनबुजून घडवू शकतो. शब्द परत येऊनही होता तिथेच उभा राहिला, तरच पुनरुक्ती हा दोष. लयीचा मुद्दा खोटा नाही, पण तो पुढे करून कवितेचा बचाव करणारे आरोप करणाऱ्यांइतकेच वरवर पाहतात. दोघेही पुनरुक्तीला कानापुरती समजतात.

हा वाद आपण काही पहिल्यांदा घालत नाही. संस्कृत काव्यशास्त्राने ‘कथितपद’ हा दोषच मानला होता: एकदा आलेले पद त्याच ठिकाणी पुन्हा योजू नये. पण अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यदोषांची चर्चा करतानाच या दोषाला मर्यादाही घालून दिली. त्याने घेतलेले उदाहरण पुष्कळांच्या पाठात असेल: ‘उदेति सविता ताम्रस्ताम्र एवास्तमेति च’. सूर्य उगवतो तो तांबडा आणि मावळतो तोही तांबडाच. मोठी माणसे वैभवात आणि विपत्तीत अशीच एकरूप असतात. मम्मट म्हणतो, इथे दुसऱ्या ‘ताम्र’च्या जागी ‘रक्त’ घातला तर अर्थ तोच असूनही तो वेगळा असल्यासारखा भासेल आणि वाचकाची प्रतीती अडेल. श्लोकाला सांगायची आहे एकरूपता. ती सांगताना शब्द बदलला, तर श्लोक आपल्याच तोंडाने आपले म्हणणे खोडून काढील. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त एक प्राकृत गाथा दिली आहे. तिचा उत्तरार्ध असा: सूर्यकिरणांचा अनुग्रह झाला म्हणजे कमळे कमळे होतात. पहिले ‘कमळे’ हे नुसते फुलाचे नाव. दुसरे ‘कमळे’ म्हणजे त्या नावाला शोभेल असे सारे काही, रंग, गंध, कांती. शब्दाचे एक अक्षरही हललेले नाही आणि अर्थ मात्र पुढे गेलेला आहे. ज्यांनी पुनरुक्तीला दोषांच्या यादीत घातले, त्याच परंपरेने तिचे सामर्थ्य इतक्या नेमकेपणाने सांगून ठेवले होते. आपण यादी तेवढी लक्षात ठेवली.

आता तुकोबांकडे येऊ. ‘आनंदाचे डोही आनंद तरंग । आनंदचि अंग आनंदाचे’. दोन चरणांत चार वेळा ‘आनंद’. प्रतिशब्दांचा आग्रह धरणाऱ्याने इथे एकदा प्रयोग करून पाहावा. डोह आनंदाचा ठेवा, तरंग हर्षाचे करा, अंग सुखाचे करा. छंद सांभाळता येईल, अर्थही शब्दकोशाप्रमाणे तोच राहील. पण अभंग संपला. कारण डोह, त्यावरची लाट आणि त्या लाटेचे अंग ही तीन नावे असली तरी तिथे दुसरे काहीच नाही, हेच तर तुकोबांना सांगायचे आहे. पाणी आणि लाट वेगळी नाहीत ही अद्वैताची जुनी गोष्ट. ती सांगायला तीन वेगळे शब्द घेतले की द्वैत दाराशी येऊन उभे राहते. चारही वेळा ‘आनंद’च यावा ही त्या अनुभवाची अट आहे. आणि हे तुकोबांना शब्द सुचत नव्हते म्हणून झाले, असे कोण म्हणेल? ‘आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने’ म्हणणारा हा माणूस. त्या अभंगातही ‘शब्द’ किती ठिकाणी येतो पाहा: रत्ने शब्दांची, शस्त्रे शब्दांची, जीवाचे जीवन शब्द, लोकांत वाटायचे धन शब्द, आणि शेवटी ‘तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव’. घरातल्या धनापासून निघालेला शब्द देवापर्यंत पोचतो. प्रत्येक पायरीवर तोच शब्द आहे, म्हणून तर ही चढण दिसते.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचे खरे काय, तेही मान्य केले पाहिजे. पोकळ पुनरुक्ती मराठीत कमी नाही. वामन पंडितांसारख्या समर्थ कवीला ‘यमक्या वामन’ हे नाव चिकटले, ते उगीच नाही. पंडिती काव्यात कितीतरी ठिकाणी अक्षरसमूह परत आणण्याची करामत हेच कवितेचे काम होऊन बसते आणि वाचक अर्थाकडे न जाता कारागिरी मोजत बसतो. आजच्या कविसंमेलनातला दोष वेगळा आहे. समोरून ‘पुन्हा एकदा’ची हाक आली की ओळ पुन्हा म्हणायची, हा व्यासपीठावरचा रिवाज, त्यात गैर काही नाही. पण तो रिवाज लिहितानाच कवितेत शिरतो. टाळी कुठे पडेल याचा अंदाज घेऊन शब्द पेरले जातात. ‘आई’, ‘माती’, ‘पाऊस’, ‘भाकर’ हे शब्द दर कडव्याच्या शेवटी आणून ठेवले की ऐकणाऱ्याचे मन भरून येणारच, पण ते त्याच्या स्वतःच्या आईमुळे आणि स्वतःच्या मातीमुळे. कवितेने त्यात काही घातलेले नसते.

गझलेत हे सर्वांत लवकर उघडे पडते. गझलेच्या आकृतिबंधातच पुनरुक्ती आहे: प्रत्येक शेराच्या, म्हणजे दोन ओळींच्या, शेवटी तोच रदीफ, म्हणजे तोच ठरलेला शब्द यायचा, अगदी जसाच्या तसा. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून हे नियम मराठीत घरोघरी नेले, आणि नियम पोचले तिथे नियमापुरती लिहिलेली गझलही पोचली. ‘आहे’, ‘होते’, ‘नाही’ असा रदीफ घेऊन दोन ओळी नुसत्या ओढत आणून त्याला बांधलेले शेर आपण रोज वाचतो. रदीफ काढला तरी शेराचे काही बिघडत नाही, तिथे तो केवळ शेपूट. म्हणून मी काढून पाहण्याची कसोटी मानतो. पण तीच कसोटी भटांच्या ‘रंगुनी रंगांत साऱ्या रंग माझा वेगळा’ला लावा. पहिल्यात मिसळून जाणे आहे, दुसऱ्यात जगाचे सगळे रंग, तिसऱ्यात त्या सगळ्यांत मिसळूनही न मिसळलेला एक. तीन ‘रंगां’तला एक जरी काढला तरी जगात पुरता उतरूनही आपला राहिलेला माणूस त्या ओळीत उरत नाही. एकाच कवीच्या, एकाच प्रकारच्या परंपरेत जिवंत आणि मेलेली पुनरुक्ती अशी शेजारी शेजारी सापडते, म्हणजे दोष पुनरुक्तीचा नसणार.

शब्दसंग्रहाच्या आरोपाबद्दल मात्र मला थोडे रागानेच बोलावेसे वाटते. हा आरोप सरळ न्यायला गेलो तर तो सर्वांत आधी बहिणाबाईंच्या दारात जाऊन पडतो. अक्षरओळख नसलेली, शेतात आणि चुलीपुढे राबणारी खानदेशी बाई. १९५१ साली ती गेली आणि पुढच्या वर्षी तिची गाणी छापून आली. ‘अरे संसार संसार’, ‘मन वढाय वढाय’, ‘मन मोकाट मोकाट’, ‘मन पाखरू पाखरू’. ओळीओळीत जोडशब्द. शाळेत न गेलेल्या बाईकडे दुसरे शब्द कुठून असणार, असे कोणी म्हटले तर त्याने ती ओळ नीट ऐकलेलीच नाही. ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर’ इथे ‘हाकला’ दोनदा आला आहे कारण ढोर दोनदा हाकलले जाते आहे. शेतकरी एकदा हाकलून सावलीत जाऊन बसतो आणि ते परत येतं. क्रियापदाची जोडी हीच ती थकवणारी फेरी आहे. ‘आता व्हतं भुईवर, गेलं गेलं आभायात’ यात तीच युक्ती उलट कामाला लागते: पहिलं ‘गेलं’ म्हणेपर्यंत पाखरू उडालेलं आहे, दुसरं ‘गेलं’ म्हणेपर्यंत दिसेनासं झालेलं आहे. एका ठिकाणी दुहेरी शब्दाने वेळ लांबवला, दुसऱ्या ठिकाणी आखडला. आणि ‘मन पाखरू पाखरू’? नामाची अशी जोडी बोलण्यात सहसा येत नाही. हे मन पाखरासारखे आहे असे ती म्हणत नाही. बोट दाखवून ‘पाखरू, पाखरू!’ म्हणून ओरडणाऱ्या पोराचा आवाज त्यात आहे.

ही काही तिची एकटीची करामत नव्हे. शब्द दुणावून अर्थ बदलण्याची सोय भाषेच्या हाडातच आहे. पाणिनीने ‘नित्यवीप्सयोः’ या सूत्रात द्विरुक्तीची दोन कामे नोंदवली: क्रियेचे सातत्य, आणि एकेक करत सगळ्यांना कवेत घेणे. मराठी हे दोन्ही रोज करते आणि त्याहून अधिकही करते. ‘चालता चालता’ म्हणजे चालणे चालूच असताना, ‘घरोघर’ म्हणजे एकही घर न वगळता, ‘गरम गरम भाकरी’ म्हणजे आत्ता तव्यावरून उतरलेली, ‘लाल लाल’ म्हणजे डोळ्यांत भरणारी लाली, पण ‘रडवा रडवा चेहरा’ म्हणजे मात्र पूर्ण न रडलेला. एकच युक्ती कधी वाढवते, कधी कमी करते. ज्या भाषेत स्वयंपाकघरातले बोलणेसुद्धा द्विरुक्तीवाचून चालत नाही, त्या भाषेच्या कवितेला द्विरुक्तीबद्दल जाब विचारणे हे परक्या शैलीपुस्तकातून उचललेले शहाणपण आहे.

याहून जड मुद्दा मौखिक परंपरेचा. अभंग, ओवी, पोवाडा, लावणी ही सारी कानाने आणि स्मरणाने जगलेली. परत येणारी ओळ ही स्मरणाची सोय होती. आता छापील पान आहे, ओळ विसरली तर पान उलटून पाहता येते. मग ती सोय कशाला, असे विचारले जाते. स्मरणाची सोय होती, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सोय म्हणून आलेली गोष्ट अर्थाचे काम करत नव्हती, हे कशावरून? तुकोबांच्या गाथेत अभंगाच्या दुसऱ्या कडव्यापुढे ‘॥ध्रु.॥’ एवढी खूण असते. छापताना ते ध्रुवपद एकदाच येते, गाताना मात्र प्रत्येक कडव्यानंतर. म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्यापुढे मूळ रचनेचा एक हिस्सा येतच नाही. ‘समचरण दृष्टि विटेवरी साजिरी’ हा अभंग घ्या. त्याचे ध्रुवपद ‘आणीक न लगे मायिक पदार्थ । तेथें माझें आर्त्त नको देवा’. पहिल्यांदा ते विठ्ठलाच्या रूपापुढे उभे राहून म्हटलेले आहे; तिथे ते सोपे आहे, समोर एवढे रूप असताना दुसरे काय हवे असणार? पण पुढच्या कडव्यात ब्रह्मादिकांची पदे ही दुःखाची शिराणी ठरतात आणि त्यानंतर ध्रुवपद पुन्हा येते. आता ‘नको देवा’ यात प्रचंड काहीतरी नाकारलेले आहे. शब्द तेच आहेत, त्यांच्यावर पडलेला भार वाढला आहे. पानावर हा भार वाचकाने आपल्या मनाने घालायचा असतो, आणि बहुतेक वाचक तो घालत नाहीत.

छापील युगात लिहिणाऱ्यांनीही हे सोडले नाही. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या ‘सागरा प्राण तळमळला’चे ध्रुवपद लहानपणापासून ऐकत आल्यामुळे आपण ते एकाच सुरात ऐकतो: ती विरहाची हाक आहे असे धरूनच चालतो. कविता सलग वाचा. सुरुवातीला ती विनवणी आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाची आणि पाशात शिरलेल्या हरणाची उपमा येते तेव्हा तिच्यात फसवले गेल्याची कळ आहे. आणि अखेरच्या कडव्यात, अगस्तीने तुला एका आचमनात पिऊन टाकले होते याची समुद्राला आठवण करून दिल्यानंतर येणारे ‘सागरा प्राण तळमळला’ ही सरळ धमकी आहे. तळमळणारा आता गयावया करत नाही. शब्द बदलले असते तर विनवणारा एक आणि धमकावणारा दुसरा असे वाटले असते. तोच माणूस, त्याच तळमळीत, विनवणीपासून धमकीपर्यंत आला, हे त्या न बदललेल्या ओळीने दाखवले.

सर्वांत कठीण आक्षेप अजून बाकी आहे, आणि वादात तो फार थोडे लोक मांडतात. पुनरुक्ती विचार झोपवते. घोषणा, जाहिरात, जप, प्रचार या सगळ्यांचे हत्यार तेच. एखादी गोष्ट पुरेशा वेळा म्हटली की ती खरी वाटू लागते, आणि गर्दीच्या तोंडी आलेला शब्द कोणी तपासत नाही. मग कवितेने हेच हत्यार उचलावे का? हा धोका खरा आहे. घोषणेची पुनरुक्ती ऐकणाऱ्याला एका जागी खिळवते, कारण घोषणेतल्या शब्दाभोवतीचे जग बदलत नाही. पण कविता त्याच शब्दाभोवतीचे जग बदलत नेते. चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ पाहा. ऊस वाकडा, रस वाकडा नाही. कमान वाकडी, तीर वाकडा नाही. नदी वाकडी, पाणी वाकडे नाही. प्रत्येक वेळी ऐकणारा मान डोलावतो, कारण गोष्ट डोळ्यांसमोरची आहे. मग ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. आता नाही म्हणायचे तर उसाच्या रसालाही नाही म्हणावे लागेल. देवळाच्या पायरीबाहेर थांबवलेल्या माणसाने, ज्यांनी त्याला थांबवले त्यांच्याच मान्यतेतून, एका शब्दाच्या चार आवर्तनांत हा युक्तिवाद उभा केला. आणि प्रत्येक वेळी ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा प्रश्न परत येतो. पहिल्यांदा तो उसाबद्दल आहे, शेवटी तो समोरच्या माणसाच्या तोंडावर आहे. ही पुनरुक्ती विचार झोपवते की जागा करते?

उलट टोकाला असा एक प्रकार आहे, ज्यात कवी शब्द मुद्दाम झिजवतो. कोणताही शब्द सारखा म्हणत राहिलात तर थोड्या वेळाने त्याचा अर्थ हातातून निसटतो आणि नुसता आवाज उरतो, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. १९७८ साली पुस्तकरूपाने आलेल्या मंगेश पाडगावकरांच्या ‘सलाम’ने या झिजण्याचाच उपयोग केला. हातात दंडा असलेल्याला सलाम, शेंदूर फासलेल्या दगडाला सलाम, ज्याची ज्याची भीती वाटते त्या प्रत्येकाला सलाम. सुरुवातीला सलाम हा निदान आदराचा शब्द असतो. ओळीमागून ओळ तो आदर गळत जातो, आणि शेवटी उरते ते भ्यालेल्या शरीराचे वाकणे. आणीबाणीतून नुकत्याच बाहेर आलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. घोषणेने शब्द असाच रिकामा होतो; पाडगावकरांनी तो आपल्यासमोर रिकामा करून दाखवला. विंदा करंदीकरांची ‘तेच ते’ही याच जातीची. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिनक्रमात चहा, गाणी, मूर्ख, शहाणे सगळ्यांवर ‘तेच’ बसत जाते, आणि वाचताना कंटाळा येऊ लागतो तो कवितेचा दोष नाही. तो कंटाळा हीच त्या कवितेची वस्तू आहे. ‘किती तेच तेच’ अशी तक्रार कोणी केली तर ती कविता पोचल्याची पावती समजावी.

मर्ढेकरांचे उदाहरण मला सर्वांत अधिक भिडते. १९४७च्या ‘काही कविता’ संग्रहातल्या पिपात मेलेल्या उंदरांच्या कवितेची त्या काळी पुष्कळ टिंगल झाली. तिच्यात या दोन ओळी आहेत: ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. एक अक्षरसमूह सोडला तर दोन्ही ओळी एकच. बदलले ते जगणे आणि मरणे, म्हणजे माणसाला ठाऊक असलेला सर्वांत मोठा विरोध. आणि तो विरोध ‘सक्ती आहे’च्या एकसारख्या ठशाखाली पार पुसला जातो. मला त्या दोन ‘पण’मध्येही फरक ऐकू येतो: पहिला ‘परंतु’सारखा, कुरकुरणारा, दुसरा ‘सुद्धा’सारखा, हरलेला. सौंदर्यशास्त्रात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडणाऱ्या या कवीच्या लेखी लय म्हणजे कानावरचा ठेका नव्हता, अर्थांची एकमेकांशी असलेली नाती होती. पुनरुक्तीचा बचाव ‘लय आहे हो’ एवढ्यावर आटोपणाऱ्यांनी निदान मर्ढेकरांची लय तरी लक्षात घ्यावी.

या सगळ्याची मुळे शाळेत आहेत असे मला वाटते. कवितेत शब्द परत आला की मुलांना ‘अलंकार ओळखा’ असा प्रश्न येतो. मूल ‘अनुप्रास’ किंवा ‘यमक’ लिहिते, गुण मिळतात आणि विषय मिटतो. मोठेपणी तेच मूल वाचक होते आणि शब्दसंग्रहाची तक्रार करते, किंवा कवी होते आणि ठेक्यासाठी शब्द परत आणते. करंदीकरांची ‘देणाऱ्याने देत जावे, घेणाऱ्याने घेत जावे’ ही कविता कितीतरी मुलांना पाठ येते. तिच्यात माळावरून शाल घ्यायची, सह्याद्रीकडून ढाल, ढगाकडून आकार, पृथ्वीकडून होकार, दर्याकडून आयाळ, भीमेकडून तुकोबाची माळ. ‘घेणे’ हे क्रियापद कडव्याकडव्यातून फिरते, आणि घ्यायच्या वस्तू हातात धरता येण्याजोग्या राहत नाहीत. मग येते ‘घेता घेता एक दिवस देणाऱ्याचे हात घ्यावे’. प्रश्नपत्रिकेत अलंकाराचे नाव विचारण्याऐवजी एवढेच विचारावे: शाल ‘घ्यावी’ आणि हात ‘घ्यावे’ यांतले घेणे एकच आहे का? देणाऱ्याचे हात घेतल्यावर घेणारा घेणाराच उरतो का? आणि त्या शेवटच्या ओळीत ‘घ्यावे’च्या जागी दुसरे कोणतेही क्रियापद घालून पाहा, काय बिघडते ते पाच ओळींत लिहा.